किरण गाभाऱ्यापर्यंत का पोचला नाही? गॅमा किरण स्फोट आणि धुळीत दडलेल्या दीर्घिका

करवीरकर_मास्तर
२ फेब्रुवारी, रात्री १०.४०

परवा ३१ जानेवारीला कॉलेज सुटल्यावर बारावीची सहा पोरं-पोरी घेऊन कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गेलो होतो. किरणोत्सवाचा पहिला दिवस. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो : वर्षातून दोनदा, जानेवारीअखेरीस आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरा असं करत गाभाऱ्यात देवीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांना, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. परवा किरण पितळी उंबऱ्यापाशी आला, तिथं एक तांबूस पट्टा काही क्षण थरथरला आणि विझला. गर्दी हळहळली.

एका पोरीनं मोबाईलवर प्रकाश मोजायचं ॲप उघडून ठेवलं होतं. सूर्य क्षितिजावर होता तोवरच तिचा आकडा झरझर उतरत गेला. बाहेर पडताना तिनं विचारलं, "सर, सूर्य तर होता. वाटेत इमारतही आडवी आली नाही. मग किरण खाल्ला कुणी?" आम्ही वळून पश्चिमेला पाहिलं. क्षितिजालगत धुरकट थर बसला होता. उसाचा हंगाम चालू आहे. कुठं पाचट पेटवलेलं, कुठं गुऱ्हाळाचं धुराडं, त्यात रस्त्याची धूळ आणि थंडीनं खाली बसलेली हवा.

तिला उत्तर देताना जे आठवलं ते इथं सविस्तर लिहितोय. खगोलशास्त्रात हाच प्रश्न पंचवीसएक वर्षं लोकांच्या मानगुटीवर बसलाय, आणि तिथं किरण खाल्ला गेल्यामुळं विश्वातल्या कितीतरी दीर्घिका (गॅलेक्सी) हिशोबातून सुटून गेल्या होत्या.

२ जुलै १९६७. अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला अमेरिकेनं सोडलेल्या व्हेला उपग्रहांना गॅमा किरणांचा एक झटका दिसला. बॉम्बचा नव्हता, पृथ्वीवरचाही नव्हता. ही गोष्ट जगाला कळायला १९७३ उजाडलं. पुढं १९९१ साली कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली, तिनं नऊ वर्षांत असे २,७०० च्या वर गॅमा किरण स्फोट टिपले. ते आकाशात चहूकडं सारखे विखुरलेले निघाले, आकाशगंगेच्या पट्ट्याशी त्यांचं काही नातं दिसेना. म्हणजे घर लांबचं असणार, पण नेमकं कुठलं? गॅमा किरणांवरून दिशा फार ढोबळ कळते. 'कोल्हापूर जिल्ह्यात कुठंतरी' एवढाच पत्ता.

नेमका पत्ता मिळाला २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाचा. बेपोसॅक्स उपग्रहानं काही तासांत त्याच दिशेला क्ष-किरणांत एक विझत चाललेली चमक पाहिली. तिला आफ्टरग्लो म्हणतात. चूल विझल्यावर निखारा धुमसतो तशी. मग दुर्बिणींना ती साध्या प्रकाशातही सापडली, आणि ती विझत गेली तशी त्याच जागी एक फिकट दीर्घिका दिसली. हीच त्या स्फोटाची यजमान दीर्घिका. मे महिन्यातल्या दुसऱ्या एका स्फोटाचा वर्णपट हवाईतल्या केक दुर्बिणीनं घेतला. ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट (प्रकाशाची लहर वाटेत किती ताणली गेली त्याचं माप; आकडा जितका मोठा तितकं ठिकाण लांब), निघाली ०.८३५. तो प्रकाश निघून सुमारे ७०० कोटी वर्षं झाली होती.

दोन सेकंदांहून जास्त चालणारे स्फोट बहुतेक वेळा एखाद्या अजस्र ताऱ्याच्या मरणातून होतात. एप्रिल १९९८ आणि मार्च २००३ च्या स्फोटांच्या जागी सुपरनोव्हाच, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा भडका, दिसल्यावर त्याबद्दल फारशी शंका उरली नाही. (दोन सेकंदांच्या आतले स्फोट वेगळ्या घराण्यातले, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होणारे. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू.) आता मुद्द्याची गोष्ट अशी की असा तारा जगतो किती? आपला सूर्य हजार कोटी वर्षं जगेल, हे तारे फार तर काही दशलक्ष वर्षं. आपल्या जन्मस्थानापासून लांब जायला त्यांना वेळच मिळत नाही. पाळणा जिथं हलला त्याच खोलीत ते संपतात. म्हणून लांब स्फोट दिसला की समजायचं, इथं आत्ता तारे जन्मताहेत. दीर्घिका स्वतः कितीही फिकट असो, स्फोट तिचा पत्ता सांगतो. विश्वात कुठं आणि कधी किती तारे जन्मले हे मोजायला इतकी सरळ खूण दुसरी कुठली?

या खुणेवर विसंबून लोकांनी यजमान दीर्घिकांची यादी केली. २००६ साली हबल अवकाश दुर्बिणीच्या चित्रांवरून दिसलं की स्फोट बहुतांशी छोट्या, निळसर, वेड्यावाकड्या दीर्घिकांत होतात, आणि त्यातही सगळ्यात उजळ ठिकाणी. यादी स्वच्छ, निष्कर्षही स्वच्छ.

पण यजमान सापडायला जागा अचूक कळावी लागते, आणि ती बहुतेक वेळा कळायची साध्या प्रकाशातल्या आफ्टरग्लोवरून. तो दिसलाच नाही तर? १९९७ च्याच ऑगस्टमध्ये असा एक स्फोट झाला. क्ष-किरणांत चमक स्पष्ट होती. मोठमोठ्या दुर्बिणींनी शोधूनही साध्या प्रकाशात काही नाही. अशांना 'अंधारे स्फोट' म्हणतात, आणि पुढं कळलं की साधारण एक तृतीयांश स्फोट या जातीचे असतात. सूर्य होता, इमारत नव्हती, तरी किरण पोचला नाही. बरेचदा कारण तेच : वाटेतली धूळ.

वर्गात मी नेहमी एक उदाहरण देतो. १९ ऑगस्ट २००२ च्या अंधाऱ्या स्फोटाची दीर्घिका, ०२०८१९बी. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींनी २०१४ साली तिच्याकडं पाहिलं. स्फोटाच्या जागी धूळ भरपूर, पण तारे जन्मायला लागणारा रेणूंचा वायू जवळजवळ नाही. धूळ आहे आणि वायू नाही, हे कसं, यावर बरंच लिहिलं गेलं. त्या बातमीचं कात्रण अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

जाणकारांनी भर घालावी. चुकलो असेन तर सांगावं.


भट्टीजवळचा
३ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सर, नाईट शिफ्ट करून आलोय, तुमचा धागा वाचल्याशिवाय झोप लागंना.

मी शिरोलीत फौंड्रीत आहे. हे किरण खाणं आम्ही रोज बघतो. वितळलेलं लोखंड १,४०० अंशाच्या वर असतं, ते लांबून मोजायला पायरोमीटर धरतो. त्याला फक्त उजेड कळतो. मधे धूर आला की तो भट्टी थंड आहे म्हणून सांगतो. नवा पोरगा असला की त्या आकड्यावर विश्वास ठेवून करंट वाढवतो आणि माल जास्त तापतो. जुना माणूस आधी धूर बघतो.

ह्यावर उपाय म्हणून दोन रंगांचा पायरोमीटर येतो. तो दोन वेगवेगळ्या लहरींतला उजेड घेतो आणि त्यांचं गुणोत्तर काढतो. धुरानं दोन्ही सारखेच कमी केले तर गुणोत्तर बदलत नाही, तापमान बरोबर येतं. खरं एक रंग जास्त खाल्ला तर तिथंही गंडतो.

माझी शंका अशी, की आमची भट्टी किती गरम आहे हे आम्ही शेवटी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तारांची जोडी, आत बुडवून तपासतो. तुमच्या स्फोटात बुडवायला काय आहे? धुळीनं किती खाल्लं हे कळतं कसं?


गडहिंग्लजची_लेक
३ फेब्रुवारी, दुपारी १.०५

मास्तर, फार सुंदर लिहिलंय. मला वाचताना चैत्रातली जोतिबाची यात्रा आठवली. सासनकाठ्या नाचत असतात आणि गुलाल इतका उडतो की समोरचा माणूस दिसत नाही, सगळं गुलाबी. धुळीमुळं दीर्घिका लालसर दिसते म्हणतात ते असंच का?


तारकाधूळ
३ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मी मूळची आजऱ्याची, सध्या पुण्यात दीर्घिकांमधल्या धुळीवरच पीएचडी करतेय. हा विषय इथं, आपल्या भाषेत बघून काय वाटलं ते सांगता येत नाही. सगळ्यांना एकेक करून उत्तर देते.

गडहिंग्लजची_लेक ताई, गुलालाचं चित्र डोळ्यांपुढं उभं राहिलं, पण विज्ञान तिथं थोडं वेगळं आहे. गुलाल गुलाबी दिसतो कारण त्याचा रंगच तो. अवकाशातल्या धुळीला तसा रंग नसतो. तिचे कण मायक्रोनच्या दशांशाएवढे किंवा त्याहूनही बारीक. आपल्या केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रोन असते, त्यावरून अंदाज करा. कार्बनचे आणि वाळूच्या जातीचे, म्हणजे सिलिकेटचे कण. इतके बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा कमी. मागं उरतो तो तांबूस. परवा पितळी उंबऱ्यावर मास्तरांना दिसलेला पट्टा तांबूस होता, तेच हे. खरं म्हणजे आपण तिला धूळ म्हणतो, पण जातकुळी धुराची आहे.

भट्टीजवळचे दादा, तुमची शंका इतकी नेमकी आहे की मी ती गाईडना वाचून दाखवली. स्फोटाच्या आफ्टरग्लोचा प्रकाश येतो चुंबकीय क्षेत्रात वेगानं फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून. त्याचा वर्णपट अगदी साधा असतो : लॉगरिदमच्या कागदावर काढला तर सरळ रेघ. ताऱ्यांच्या प्रकाशात शंभर खाचाखोचा असतात, इथं काही नाही. क्ष-किरणांकडून ती रेघ ओढत आणायची आणि साध्या प्रकाशात किती खाली वाकली ते बघायचं. निळ्याकडं जितकी जास्त वाकली तितकी धूळ जास्त. तुमचा दोन रंगांचा पायरोमीटरच, फक्त रंग सात-आठ. चिलीत ला सिला इथं ग्रॉन्ड नावाचं उपकरण होतं, ते एका वेळी सात रंगांत फोटो घ्यायचं, मुद्दाम ह्याच कामासाठी बांधलेलं.

लांबच्या स्फोटांत आणखी एक अडचण येते, ती सहसा कुणी सांगत नाही. ताम्रसृती ३ असेल तर प्रकाशाची लहर वाटेत चौपट ताणली जाते. आपल्याकडं तांबडा म्हणून पोचलेला प्रकाश तिथून अतिनील म्हणून निघालेला असतो, आणि धूळ अतिनील सगळ्यात जास्त खाते. म्हणजे थोडीशी धूळही लांबच्या स्फोटाला पार विझवून टाकते. जून २००८ च्या ०८०६०७ या स्फोटाचं असंच झालं. ताम्रसृती ३.०४. मुळात अतिशय तेजस्वी स्फोट, म्हणून धुळीतूनही केक दुर्बिणीला त्याचा वर्णपट घेता आला, आणि त्यात हायड्रोजनच्या रेणूच्या आणि कार्बन मोनॉक्साईडच्या रेषा निघाल्या. अकराशे कोटी वर्षांपूर्वीचा तारे जन्मवणारा थंड ढग, मागून बॅटरी मारल्यासारखा दिसला. स्फोट जरा मंद असता तर तोही अंधाऱ्यांच्या यादीत गेला असता.

आता मास्तर, तुमच्या उदाहरणाबद्दल. मनापासून सांगते, राग मानू नका : ०२०८१९बी ची गोष्ट २०१७ साली पूर्ण बदलली.

त्या स्फोटाचा फक्त रेडिओ आफ्टरग्लो सापडला होता. ती जागा एका सर्पिल दीर्घिकेच्या कडेला एका ठिपक्यावर पडत होती. सर्पिल दीर्घिकेची ताम्रसृती ०.४१, म्हणून ठिपका तिचाच भाग, असं सगळ्यांनी धरलं. सरळच होतं. कित्येक वर्षं ती दीर्घिका जड मूलद्रव्यांनी भरलेल्या यजमानाचं ठळक उदाहरण म्हणून मिरवली, आणि आल्माचं 'धूळ आहे, वायू नाही' हे कोडंही तिच्यावरच उभं होतं. मग चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं त्या ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट घेतला. ताम्रसृती आली १.९६. तो ठिपका सर्पिल दीर्घिकेचा नव्हताच. फार मागची, हजार कोटी वर्षांपूर्वीची एक वेगळीच दीर्घिका, धुळीनं भरलेली आणि सपाटून तारे जन्मवणारी, नेमकी त्याच रेषेत होती.

आणि वायू का दिसला नव्हता? रेणूची रेष ठरावीक लहरीवर येते आणि ताम्रसृतीनुसार सरकते. ०.४१ धरून आल्माचा काटा लावला होता. ठिपका बोलत होता दुसऱ्याच स्टेशनवर. धूळ मात्र एका लहरीवर चमकत नाही, ती रुंद पट्ट्यात चमकते, म्हणून धूळ दिसली आणि वायू दिसला नाही.


करवीरकर_मास्तर
३ फेब्रुवारी, रात्री १०.३०

तारकाधूळ, राग कसला! दोनदा वाचलं. २०१४ चं कात्रण मी किती वर्गांना दाखवलं असेन ते मोजायला बसलो. उद्या पहिल्याच तासाला फळ्यावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिणार : सर्पिल दीर्घिका, तिच्या कडेचा ठिपका, ०.४१ आणि १.९६. आणि पोरांना विचारणार की फोटोत दोन गोष्टी एकमेकांना चिकटून दिसल्या तर त्या जवळ आहेत असं कधी म्हणायचं. रंकाळ्यावरून पन्हाळ्याकडं बघताना अलीकडचा विजेचा खांब आणि गड एकमेकांना चिकटलेले दिसतातच की.

कात्रण फाडत नाही. त्याच्या मागच्या बाजूला तुमचं उत्तर उतरवून ठेवतो.

एक विचारू? अंधारे स्फोट मोजल्यावर यादी बदलली का? छोट्या निळ्या दीर्घिकांचं काय झालं?


तारकाधूळ
४ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

बदलली, आणि बरीच. नोव्हेंबर २००४ ला स्विफ्ट उपग्रह गेला. तो स्फोट दिसला की साधारण मिनिटाभरात त्या दिशेला वळतो आणि क्ष-किरणांत जागा काही कोनसेकंदांपर्यंत (अंशाच्या हजारांश भागापर्यंत) अचूक सांगतो. साधा प्रकाश दिसो न दिसो, पत्ता हातात. मग लोकांनी ठरवलं की यजमान शोधताना फक्त उजळ आफ्टरग्लोवाले निवडायचे नाहीत. स्फोट आधी निवडायचे, मग त्यातल्या प्रत्येकाची दीर्घिका शोधायची, कितीही अवघड असली तरी. असा एक मोठा सर्वे २०१६ साली आला, त्यात ११९ स्फोट होते.

त्यात धुळीतल्या स्फोटांच्या दीर्घिका मोठ्या, जड आणि तांबूस निघाल्या. म्हणजे ज्या जातीच्या दीर्घिका स्फोटांना टाळतात असं वाटायचं, त्या टाळत नव्हत्या, फक्त त्यांचा किरण पोचत नव्हता.


भट्टीजवळचा
४ फेब्रुवारी, दुपारी २.४०

ताई, हे आमच्या इन्स्पेक्शनसारखंच झालं. एका पाळीत पाचशे कास्टिंग निघाली आणि तपासणारा फक्त वरच्या थरातली दहा उचलतो. वरची नेहमीच चांगली असतात, खालच्या थरात वाळू अडकलेली. मग रिपोर्ट 'सगळा माल चांगला'.

खरं आता दुसरी शंका. जड दीर्घिका मोजल्या तरी स्फोट हे ताऱ्यांच्या जन्माची बरोबर खूण आहेत का? सगळ्याच दीर्घिकांत जितके तारे जन्मतात तितक्या प्रमाणात स्फोट होतात का?


तारकाधूळ
४ फेब्रुवारी, रात्री ९.१५

नाही, अगदी तसं नाही, आणि इथं प्रामाणिक राहायला हवं. धूळ धरूनही एक कल शिल्लक राहतो. ताम्रसृती साधारण १.५ च्या आतल्या, म्हणजे अलीकडच्या विश्वात, सगळ्यात जड दीर्घिकांत स्फोट अपेक्षेपेक्षा कमीच होतात. कारण बहुधा जड मूलद्रव्यं. (आम्ही हायड्रोजन-हेलियम सोडून सगळ्यालाच 'धातू' म्हणतो, ऑक्सिजनलासुद्धा.) ताऱ्यात धातू जास्त असले की त्याच्या पृष्ठावरून जोराचे वारे सुटतात. ते वारे वस्तुमान तर नेतातच, पण ताऱ्याची गिरकीही चोरून नेतात. आणि स्फोटाची धार, म्हणजे एका दिशेला सुटणारा झोत, निघायला आत गिरकी लागते : गाभा कृष्णविवरात कोसळताना भोवती चकती तयार झाली पाहिजे. गिरकी नसेल तर साधा सुपरनोव्हा होतो, किंवा तोही नाही.

मात्र हा उंबरा पूर्वी वाटायचा तितका खाली नाही. आधी लोक म्हणायचे, सूर्याच्या फार तर पंचमांशाएवढे धातू असलेल्या दीर्घिकेतच स्फोट होतात. धुळीतल्या दीर्घिका मोजल्यावर तो उंबरा सूर्याच्या आसपास आला. लांबच्या विश्वात, जिथं मोठ्या दीर्घिकांतही धातू अजून कमी साठलेले होते, तिथं स्फोट ताऱ्यांच्या जन्माची बऱ्यापैकी खरी खूण देतात.

अजून एक गंमतशीर भौतिकी सांगते. स्फोटाची सुरुवातीची चमक इतकी प्रखर असते की भोवतीची धूळ ती स्वतःच जाळून टाकते, तीसएक प्रकाशवर्षांपर्यंत. म्हणजे आपल्याला अडवणारी धूळ ताऱ्याच्या अंगणातली नसते. ती बाहेरची, त्या अख्ख्या वस्तीवर पसरलेली असते. अंधारा स्फोट म्हणूनच एका ताऱ्याबद्दल कमी आणि त्याच्या गावाबद्दल जास्त सांगतो.


आप्पा_कागल
५ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

मी वाचत होतो, आता लिहायचं धाडस करतो. वय ७४. चाळीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं.

रात्रपाळीला काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात चिपाड जळत असतं. भिंतीच्या मागच्या बाजूला गेलं तर जाळ दिसत नाही. काळोख असतो. खरं भिंतीकडं तळवा धरला की हात शेकून निघतो. भिंतीनं जाळ खाल्ला आणि ऊब करून बाहेर सोडला. थंडीत गडी तिथंच टेकून झोपायचे.

बाळ, तुमच्या धुळीनं खाल्लेला उजेड जातो कुठं? तो पण असा ऊब होऊन बाहेर येतो का, आणि येत असला तर आपल्याला तो कळतो का?


तारकाधूळ
५ फेब्रुवारी, सकाळी ९.००

आप्पा, तुम्ही माझ्या प्रबंधाचं पहिलं पान चार ओळींत लिहिलंत.

होय, तसाच येतो. धूळ तरण्या ताऱ्यांचा निळा-अतिनील प्रकाश खाते, त्यानं तापते आणि दूरच्या अवरक्त (इन्फ्रारेड) लहरींत तो बाहेर सोडते. तापते म्हणजे किती? उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्याला ते गोठण्यापलीकडचं, पण अवकाशाच्या मानानं ऊबच. ताऱ्यांनी आजवर विश्वात सोडलेल्या प्रकाशापैकी साधारण अर्धा असा धुळीनं खाऊन, ऊब करून बाहेर टाकलेला आहे. फक्त जाळ बघणाऱ्या माणसाला निम्मी गुऱ्हाळं बंद आहेत असंच वाटेल.

ती ऊब आपल्याला कळते. काही लहरी जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्यासाठी २००९ ते २०१३ हर्शेल ही अवकाश दुर्बीण होती. लांबच्या दीर्घिकांची ऊब मात्र ताणली जाऊन मिलिमीटरच्या लहरींत येते, आणि तिथं आल्मा काम करते. अटाकामाच्या वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर ६६ अँटेना. इतक्या उंचीवर कारण हवेतली वाफसुद्धा ह्या लहरी खाते. ०२०८१९बी चा तो ठिपका तिथूनच उबदार दिसला होता.

दुसरी वाट रेडिओची. रेडिओच्या लांब लहरींना धूळ अडवूच शकत नाही. आणि इथं आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० अँटेना. एप्रिल १९९८ चा जो स्फोट मास्तरांनी वर सांगितला, त्याची यजमान दीर्घिका सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. स्फोटाच्या यजमान दीर्घिकेतला अणुरूप हायड्रोजन, त्याच्या २१ सेंटिमीटरच्या लहरीवरून, पहिल्यांदा तिथं मोजला गेला आणि तो जीएमआरटीनं मोजला. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. वायू विस्कटलेला होता, एखादी छोटी दीर्घिका तिला येऊन धडकल्याची खूण. त्या धडकेनंच तिथं तारे पेटले असावेत.


गडहिंग्लजची_लेक
५ फेब्रुवारी, रात्री ८.४५

गुलालाचं उत्तर मुलाला वाचून दाखवलं. तो आठवीत आहे. त्यानं विचारलं, आपल्या आकाशगंगेतली धूळ आडवी येत नाही का? मला सांगता येईना.


करवीरकर_मास्तर
५ फेब्रुवारी, रात्री ९.२०

येते की! त्याला सांगा, आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारा साधा प्रकाश वाटेतली धूळ जवळजवळ संपवूनच टाकते. लाख कोटींतला एखादा भाग पोचतो. उन्हाळ्यात मे-जूनच्या रात्री गावाबाहेर गेलात तर वृश्चिक-धनूच्या भागात आकाशगंगेच्या पट्ट्यात काळे डाग दिसतील. तिथं तारे कमी नाहीत, पुढं धूळ आहे.

आणि ९ ऑक्टोबर २०२२ ला आजवरचा सगळ्यात तेजस्वी स्फोट दिसला तो नेमका आकाशगंगेच्या पट्ट्याआडून. सुमारे १९० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला. त्याचे क्ष-किरण आपल्याकडच्या धुळीच्या ढगांवरून किंचित विखुरले आणि उशिरा पोचले, तेव्हा स्फोटाभोवती एकात एक कड्या दिसल्या. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. प्रत्येक कडं म्हणजे एक धुळीचा थर, आणि कडं किती वेगानं मोठं होतं त्यावरून तो थर किती लांब आहे हे मोजलं गेलं. जी धूळ अडवत होती तिचाच नकाशा हातात आला. मुलाला त्या कड्यांचा फोटो नक्की दाखवा.


भट्टीजवळचा
६ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

मास्तर, ताई, खोडदला बघायला जाता येतं का? माझी शनिवारी सुट्टी असते.


तारकाधूळ
६ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

येतं दादा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, शाळांची प्रदर्शनंही लागतात. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर. मी आदल्या रात्री नारायणगावला असेन, सकाळी फाट्यावर भेटते. अँटेनाजवळ मोबाईल बंद ठेवायचे, तेवढं सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि मास्तर, तुमच्या लक्षात आलं का? २८ फेब्रुवारी. पहिला आफ्टरग्लो सापडला तोच दिवस.


करवीरकर_मास्तर
६ फेब्रुवारी, रात्री १०.१०

लक्षात आलं नव्हतं! आज वर्गात सांगितलं तेव्हा ती ॲपवाली पोरगी टाळ्या वाजवायला लागली.

गाडी बघितली, बारा सीटची. सहा पोरं, मी, भट्टीजवळचे दादा, गडहिंग्लजची_लेक आणि त्यांचा मुलगा. दहा झाले. आप्पा, खिडकीजवळची सीट तुमच्यासाठी धरून ठेवलीय, पहाटे चारला कागलहून तुम्हाला घ्यायला येतो. एक सीट उरलीय, कुणाला यायचं असेल त्यांनी इथंच लिहा.


आप्पा_कागल
७ फेब्रुवारी, सकाळी ५.५०

येतो. गुळाची एक ढेप घेतो सोबत, त्या पोरीला आजऱ्याच्या घरची आठवण होईल.